मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

निवृत्त होईपर्यंत मी एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासायचं काम केलं. प्रेशर गेज, थर्मामीटर, व्होल्टमीटर असं जे हाताला लागेल ते. काटा जे दाखवतोय ते खरं आहे का, हे त्याहून भरवशाच्या काट्याशी ताडून बघायचं आणि फरक वहीत लिहायचा. या कामाने माणूस संशयी होतो, आणि नातेवाइकांचा मात्र समज होतो की हिला यंत्रांतलं सगळं कळतं. बारसं असो, सोसायटीची सभा असो, ताटावर बसल्या बसल्या कुणीतरी सरकून जवळ येतं आणि हळूच विचारतं, "वहिनी, एक विचारू?" प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर पुण्यात मतांची टंचाई नाही.

आरओ बसवायलाच हवा का?

आधी सांगा, पाणी कुठलं? नळाचं, बोअरचं की टँकरचं? या प्रश्नाला बहुतेक जण "पाणी म्हणजे पाणीच" अशा चेहऱ्याने बघतात.

आरओ विरघळलेले क्षार काढतो. किती क्षार चालतात हे भारतीय मानक आयएस 10500 मध्ये लिहिलेलं आहे: लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या. खडकवासल्याचं जे पाणी माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला येतं त्यात मीटर 90 च्या आसपास दाखवतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आरओ असतो ती गोष्ट पाण्यात मुळात नाहीच. तरी आमच्या जिन्यात दर मजल्यावर एकेक आरओ आहे आणि प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातंय. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस, म्हणजे हेच विरघळलेले क्षार, 500 च्या खाली असतील तिथे आरओला मनाई करा असं सरकारला सांगितलं होतं. आमच्या जिन्यापर्यंत ते पोचलं नाही.

बोअरचं पाणी 800-900 दाखवत असेल, केटलीच्या तळाशी पांढरा थर जमत असेल, तर खुशाल बसवा. नळाच्या पाण्याला साधा फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरतो. टाकी वर्षातून दोनदा धुतली तर त्याहून बरं, पण टाकी धुण्याची जाहिरात कुठली नटी करत नाही.

पण मीटरवर टीडीएस कमी आला म्हणजे पाणी शुद्धच ना?

नाही! हे मी ओरडून सांगते, कारण गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. तो पेनासारखा मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. जंतू त्याला दिसत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली, दोनशेच्या वर रुग्ण झाले, बऱ्याच रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. दूषित पाण्यात टीडीएस मीटर बुडवला असता तर त्याने छान दोन आकडी संख्या दाखवली असती. तिथे प्रश्न जंतू मारणाऱ्या क्लोरीनचा होता. क्लोरीन तपासायच्या थेंबांची बाटली स्वस्तात मिळते. ती किती घरांत आहे?

विक्रेत्याने ग्लासात दोन सळ्या घातल्या आणि आमचं पाणी तपकिरी झालं. त्याचं काय?

हा प्रयोग आमच्याच दिवाणखान्यात झालेला आहे. मुलगा गोड होता, टाय लावून आला होता. एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत सळ्यांचं यंत्र घातलं, प्लग लावला. मिनिटभरात आमच्या ग्लासात तपकिरी साका तरंगायला लागला, त्याचा ग्लास स्वच्छ. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी मिठाच्या डब्यातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या शुद्ध पाण्यात टाकलं आणि म्हटलं, आता पुन्हा लाव. त्याचाही ग्लास तपकिरी झाला, आमच्याहून जास्त.

तो रंग पाण्यात नसतोच, सळीत असतो. वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते, आरओच्या पाण्यातून जवळपास जात नाही, इतकंच. मुलाने चहा घेतला, सळ्या पुसल्या आणि शेजारच्या दाराची बेल वाजवली. शेजारी आता आरओ आहे.

20,000 एमएएचची पॉवर बँक 5,000 एमएएचचा फोन चार वेळा का चार्ज करत नाही?

कारण खोक्यावरचा आकडा आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवर मोजलेला असतो आणि बाहेर वीज येते 5 व्होल्टने. 20,000 ला 3.7 ने गुणा आणि 1,000 ने भागा, 74 वॅट-तास येतात. हेच 5 व्होल्टवर मोजले तर 14,800, आणि त्यातून रूपांतरात उष्णता होऊन जाणारा भाग वजा केला की हातात पडतात बारा-तेरा हजार. कंपनी खोटं बोलत नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात "रेटेड कपॅसिटी" म्हणून हा दुसरा आकडा छापलेलाही असतो. मोठ्या अक्षरात कुठला छापायचा, एवढंच त्यांच्या हातात असतं आणि ते त्यांनी केलं.

विमानतळावरही वॅट-तासच बघतात. 100 पर्यंत चालतं, आणि केबिनच्या बॅगेत ठेवायचं, खाली जाणाऱ्या सामानात नाही.

इंटरनेटचं पॅकेज 100 चं घेतलं, डाउनलोड 12 ने का होतं?

एकीकडे मेगाबिट, दुसरीकडे मेगाबाइट. आठाने भागा. तक्रार करू नका, तुम्हाला पूर्ण मिळतंय. (त्या आधीचे "अप टू" हे दोन शब्द मात्र वाचा. त्यांत सगळी हमी सामावलेली असते.)

200 मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ का?

घ्या. तो फोन सोळा ठिपक्यांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देईल, आणि तो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात की आणखी आकसेल.

स्मार्ट मीटर जास्त पळतो का?

या प्रश्नावर महाराष्ट्रात मोर्चे निघाले आहेत, त्यामुळे उत्तर दोन तुकड्यांत देते.

राजकारणाचा तुकडा आधी. जून 2024 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही. पुढे मीटर आलेच, फक्त प्रीपेड नव्हते आणि नाव टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर) होतं. लोक चिडले ते मीटरवर कमी, या नामांतरावर जास्त, आणि त्यात मी लोकांच्या बाजूने आहे. ज्याचे पैसे मी भरते ते यंत्र माझ्या भिंतीवर लावताना मला धड सांगितलं पाहिजे. दिवसा वापरलेल्या विजेला सवलत मिळणार असेल तर तेही दारात उभं राहून सांगा, एसएमएसमध्ये नको.

आता यंत्राचा तुकडा, आणि यात कुणाच्या भाषणाची गरज नाही. मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरात 3200 इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. एका युनिटला तो लाल दिवा 3,200 वेळा लुकलुकतो. घरातले सगळे एमसीबी पाडा, फक्त गिझरचा ठेवा. गिझर 2,000 वॅटचा असेल तर दिवा मिनिटाला साधारण 107 वेळा लुकलुकायला हवा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने घड्याळ धरायचं. व्होल्टेज पडलेलं असेल तर 90 पर्यंत उतरेल, चढलेलं असेल तर 115 च्या आसपास जाईल. 140 आले तर मला बोलवा, आणि महावितरणकडे मीटर चाचणीचा अर्ज करा.

आमच्या इमारतीत ज्यांनी ज्यांनी मोजलं त्यांचे मीटर बरोबर निघाले. जुना चकतीचा मीटर म्हातारा झाला की घासून संथ व्हायचा आणि सेट-टॉप बॉक्स, वायफाय, भिंतीत कायमचे खुपसलेले चार्जर असल्या बारीकसारीक गोष्टी त्याला जाणवायच्या नाहीत. म्हणजे इतकी वर्षं आपण थोडी वीज फुकट खात होतो. ही बातमी सोसायटीच्या सभेत सांगितली तेव्हा कुणालाच आवडली नाही.

एसी 16 वर ठेवला की खोली लवकर गार होते ना?

होत नाही. 16 असो की 24, खोली तापलेली असेपर्यंत कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालतो. 16 वर तो थांबतच नाही, एवढाच फरक. एक अंश वर ठेवला की साधारण 6 टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, आणि 1 जानेवारी 2020 पासून नवे एसी सुरू होताना 24 वरच उघडतात तेही त्यांच्याच नियमाने. जून 2025 मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी एसी 20 च्या खाली जाऊच नये असा नियम आणू म्हटलं, तेव्हा आमच्या भावजींना घटनेतलं स्वातंत्र्य आठवलं. ते 16 वर एसी लावून दुलई घेऊन झोपतात.

5जीच्या टॉवरमुळे कॅन्सर होतो असं म्हणतात.

म्हणतात. 2021 मध्ये अभिनेत्री जुही चावला यांनी दिल्ली उच्च न्यायालयात 5जीविरुद्ध दावा लावला होता, न्यायालयाने 20 लाखांचा दंड ठोठावला, पुढे तो 2 लाखांवर आणला. पण दंड झाला म्हणून विज्ञान सिद्ध होत नाही, तेव्हा पुढचं ऐका.

मोबाइलच्या लहरींत रेणू तोडण्याइतकी ताकद नसते, त्या फार तर थोडी ऊब देतात. भारतात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 साली या लहरी "2बी" गटात टाकल्या. या गटाचा अर्थ, शंका घ्यायला जागा आहे, पुरावा पुरेसा नाही. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियातल्या पद्धतीने आंबवलेल्या भाज्यांची लोणचीही आहेत. टॉवर गच्चीवरून काढा म्हणून सह्या गोळा करायला आलेल्या काकूंच्या पिशवीत कोरफडीच्या रसाची बाटली होती. मी सही केली नाही, पण बाटलीबद्दलही बोलले नाही. शेजारधर्म आहे.

आणखी एक. टॉवर लांब गेला की फोन रेंज पकडण्यासाठी स्वतःचा जोर वाढवतो. आणि फोन कानाला असतो.

ईव्हीएम हॅक होतं का? खरं सांगा.

हा प्रश्न निकालाच्या संध्याकाळी हरलेल्या बाजूकडून येतो. पुढच्या निकालाला बाजू बदलते, प्रश्न तोच राहतो. मी दोन्ही बाजूंना सारखंच उत्तर देते, त्यामुळे दोन्हीकडच्या ग्रुपमध्ये माझ्याबद्दल शंका आहे.

यंत्रं भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्या बनवतात. त्यांना इंटरनेट नाही, ब्लूटूथ नाही, त्यामुळे घरात बसून कुणी बटण दाबेल आणि बारामतीत मतं फिरतील हे विसरा. तसं करायचं तर हजारो यंत्रांना हात लावावा लागेल, आणि हजारो यंत्रांना हात लावून गुपचूप राहील असं सरकारी खातं मी तरी पाहिलेलं नाही.

पण मी कॅलिब्रेशनवाली. यंत्र बनवणारा "यंत्र चांगलं आहे" म्हणाला तर आम्ही ते वहीत लिहीत नसू. तपासणी कशी करता ते दाखवा म्हणत असू. तपासणी अशी आहे: 2019 पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापून काचेमागे दाखवणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी जुळवतात. पाच पुरेत का? हिशेब मांडू. समजा शंभरातलं एक यंत्र बिघडवलेलं आहे. पाच उचलल्यावर त्यातलं एखादं हाती लागायची शक्यता जेमतेम 5 टक्के. शंभरातली दहा बिघडवलेली असतील तर 41 टक्के. म्हणजे एका मतदारसंघात कुणी मोजक्या केंद्रांवर हात मारला तर ही तपासणी त्याला बहुधा सोडून देईल. पण महाराष्ट्राच्या 288 जागांवर मिळून पाचपाचाने 1,440 केंद्रं तपासली जातात, आणि राज्यभर शंभरात एक यंत्र जरी लबाड असतं तरी त्यातलं एकही सापडू नये हे जवळपास अशक्य. तेव्हा "अख्खं राज्य फिरवलं" हा आरोप मला पटत नाही, आणि "आमच्या एका जागेचं तपासून द्या" ही मागणी मात्र मला रास्त वाटते. टीव्हीवर दोन्ही वाक्यं एकाच दमात बोलतात, म्हणून दोन्ही वाया जातात.

सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 ला सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागितलं तर 5 टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी करून द्यायची, असं सांगितलं. खर्च उमेदवाराचा, दोष निघाला तर परत. पूर्वी एवढंही नव्हतं.

आता माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निकालावर गावातल्या लोकांचा विश्वास बसेना, म्हणून डिसेंबरात त्यांनी आपल्या खर्चाने मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही. कायद्याने त्या मतदानाला काडीची किंमत नव्हती हे खरं. गुप्त मतदान दुसऱ्यांदा घेतलं तर तेच उत्तर येईल याचीही खात्री नाही, माणसं दबावाने किंवा हट्टाने बदलतात. पण ते मतदान थांबवून प्रशासनाने मिळवलं काय? त्या गावात आता कुठलाही आकडा दाखवा, कुणी मानणार नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2009 साली त्यांची मतदान यंत्रं बाद केली ती कुणी हॅक केली म्हणून नव्हे. मतमोजणी तज्ज्ञ नसलेल्या नागरिकालाही स्वतः पडताळता आली पाहिजे, असं म्हणून केली. मला तो निकाल आवडतो. यंत्र ठेवा, पण हरणाऱ्याला समजेल अशी मोजणी त्याला दाखवा. जिंकलेल्याला पुरावा नकोच असतो.

व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढा वेळ बटणाकडे न बघता काचेकडे बघा, ही माझी एकमेव सूचना.

नोटाला, म्हणजे "यांपैकी कुणीही नाही" या बटणाला, मत देऊन उपयोग होतो का?

विधानसभा-लोकसभेत निकालावर परिणाम शून्य. 2019 मध्ये लातूर ग्रामीणला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, साडेसत्तावीस हजारांच्या घरात मतं. 2024 ला इंदूरमध्ये 2 लाखांवर गेली. दोन्हीकडे निवडून यायचा तो आला. गंमत म्हणजे महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढला आहे की नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. म्हणजे आमदाराच्या वेळी जे शोभेचं बटण असतं ते नगरसेवकाच्या वेळी खरं होतं, आणि नेमकं तेव्हा आपण मतदानाला जात नाही.

चंद्रावर जायला पैसे आहेत, खड्डे बुजवायला नाहीत?

खड्ड्यांना पैसे आहेत. चंद्रयान-3 ला सुमारे 615 कोटी लागले. मुंबईच्या रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा फक्त एक टप्पा सहा हजार कोटींचा. 2025-26 मध्ये केंद्राच्या अंतराळ विभागाची तरतूद 13,416 कोटी आणि एकट्या मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटी, साडेपाच पट. तेव्हा इस्रोचे पैसे रस्त्यांना द्या ही मागणी जरा उलटी आहे.

डांबराचा शत्रू पाणी. खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरलं की डांबर खडीला सोडतं, वरून गाडी गेली की खडी निघते, खड्डा पडतो. म्हणून रस्ता करताना आधी पाणी कुठून जाणार ते ठरवायचं असतं. आमच्या गल्लीत रस्ता झाला, मग ड्रेनेजसाठी खणला, मग केबलसाठी, मग गॅससाठी. 2019 ला चंद्रयान-2 चा लँडर कोसळला तेव्हा इस्रोने काय चुकलं ते शोधून 23 ऑगस्ट 2023 ला पुन्हा उतरवून दाखवलं. गल्लीत रस्ता उखडला की त्याच ठेकेदाराला पुन्हा काम मिळतं. फरक पैशाचा नाही, चूक लिहून ठेवायच्या वहीचा आहे.

होमिओपॅथीने मला गुण येतो, मग तुमचं म्हणणं काय?

सर्दी आठवड्यात बरी होते, गोळ्या घेतल्या तर सात दिवसांत. 30सी लिहिलेलं औषध म्हणजे मूळ द्रव्य शंभरात एक असं तीस वेळा पातळ केलेलं, 1 वर 60 शून्यं इतक्या पटीने. अख्ख्या पृथ्वीत अणूच आहेत 1 वर 50 शून्यं इतके. हिशेब तुम्ही करा.

राजकारण यात कुठून आलं? होमिओपॅथी डॉक्टरांना वर्षभराचा औषधशास्त्राचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहू द्यायची, हा वाद महाराष्ट्रात 2014 पासून चालू आहे आणि 2025 मध्ये त्यावरून डॉक्टरांनी संप केला. मला दोन्ही बाजूंचं भांडण कळतं. मला कळत नाही ते एवढंच, की गोळ्या लागू पडतात तर कोर्स कशाला?

खेड्यात दुसरा डॉक्टर नाही म्हणून, असं उत्तर देतात. ते खरं आहे, आणि त्याचं उत्तर खेड्यात डॉक्टर नेमणं हे आहे.

आत्या, पत्रिका जुळत नाही म्हणतात. तुझा विश्वास नाही, पण त्यांचा आहे.

जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये पुण्यात याची रीतसर परीक्षा घेतली होती. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे बरोबर होते. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या आणि ज्योतिषांना बोलावलं: प्रत्येकी 40 पत्रिका घ्या, कुठली हुशार मुलाची ते सांगा. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर 50 आले असते.

हे मुलाकडच्यांना ऐकवून उपयोग नाही, बेटा. त्यांना म्हण, दुसऱ्या ज्योतिषाकडे दाखवू. तिसऱ्याकडे जुळते बहुतेक.

दोन हजारच्या नोटेतल्या चिपचं पुढे काय झालं?

नोव्हेंबर 2016 मध्ये फिरलेल्या मेसेजप्रमाणे ती 120 मीटर खोल जमिनीतूनही उपग्रहाला सिग्नल देणार होती. मे 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नोटच मागे घेतली. चिप कदाचित अजून सिग्नल देत असेल. ज्यांनी तो मेसेज मला पाठवला होता ते हल्ली क्वांटमवर पाठवतात.

पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला, "डिजिटल अरेस्ट" म्हणाले. काय करू?

कट करा. असा प्रकार कुठल्याच कायद्यात नाही. पोलीस कॅमेऱ्यासमोर बसवून अटक करत नाहीत, पैसे "तपासणीसाठी" खात्यात मागवत नाहीत. पैसे गेले असतील तर वाट न बघता 1930 ला फोन लावा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, एवढं वाक्य आजी-आजोबांच्या फोनच्या मागे चिकटवा.

याची थट्टा मी करत नाही. फसलेल्यांत निवृत्त बँक अधिकारी असतात, प्राध्यापक असतात. आयुष्यभर सरकारी पत्राला घाबरायला शिकलेली पिढी आहे आमची, तीच भीती कुणीतरी विकत घेतली.

एआयने सांगितलं तर ते खरं धरायचं का?

आधी त्याला तुमच्या गावच्या जत्रेबद्दल विचारा. देव कुठला, पालखी कुठून निघते, मान कुणाचा. जे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे तेच विचारायचं, म्हणजे काटा ताडता येतो. माझ्या गावची पालखी त्याने अतिशय सुंदर मराठीत चुकीच्या रस्त्याने नेली. याच भाषेत ते तुमच्या रक्तदाबाच्या गोळीबद्दलही बोलणार आहे.

आमच्या सोसायटीच्या नोटिसा मात्र त्याच्यामुळे सुधारल्या. पूर्वी सेक्रेटरी "कचरा टाकणाऱ्यांनी लाज बाळगावी" असं लिहायचे. हल्ली "आपल्या सहकार्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत" असं येतं. कचरा तिथेच असतो.

बरं, शेवटी कोणता फोन घेऊ?

सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं देणार ते विचारा, काही कंपन्या आता सात वर्षं म्हणतात. बॅटरी बदलायला किती लागतात ते विचारा, आणि सर्व्हिस सेंटर शहरात आहे का ते बघा. बाकी स्वयंपाकघरात उभं राहून फोन लावून बघता आला तर उत्तम, आमच्याकडे तिथेच रेंज जाते. एवढं सगळं विचारून तुम्ही शेवटी रंगावरून घेणार आहात, तर निळा घ्या. काळ्यावर ओरखडे दिसतात.